तैनाती फौज आणि दुभंगलेली दौलत: वसईच्या तहाच्या वादाचा आढावा

प्रश्न

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईत ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. पुण्याची गादी परत मिळावी म्हणून कंपनीची कायमची फौज आपल्या मुलखात ठेवून घ्यायला तो कबूल झाला. पंधरा वर्षांनी त्याच फौजेशी लढून तो गादी गमावून बसला. या तहावर मराठीत आणि इंग्रजीत दोनशे वर्षे लिहिले जात आहे, आणि बहुतेक लेखनाचा सूर ‘दोष कुणाचा’ या प्रश्नाभोवती फिरतो. इथे त्याच वादाचा आढावा वेगळ्या अंगाने घेतला आहे. ज्या राज्यात सरदार एकमेकांच्या उरावर बसले आहेत, तिथे बाहेरची फौज आणून स्थैर्य येते का? आलेच तर कुठवर, आणि कोणत्या अटींवर? हा प्रश्न काबूल, जाफना आणि बोस्नियाच्या निमित्ताने गेल्या चाळीस वर्षांत जगभर विचारला गेला. महाराष्ट्रात तो त्याआधीच विचारला गेला होता, आणि त्याचे कागद आपल्याच दप्तरांत आहेत.

पालघर जिल्ह्यातल्या वाणगाव, तारापूर, केळवे-माहीम या पट्ट्याचा या प्रश्नाशी संबंध केवळ शेजाराचा नाही. वसई आज याच जिल्ह्यात येते. शिवाय वसईच्या तहापासून सुरू झालेल्या साखळीतच या पट्ट्याचा धनी बदलला. जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्याला फौजेच्या खर्चापोटी जो मुलूख तोडून द्यावा लागला, त्यात उत्तर कोकण होते. खडकीची लढाई त्यानंतर पाच महिन्यांनी झाली. म्हणजे पेशवाई बुडण्याआधीच इथली गावे कंपनीकडे गेली होती, आणि तीही लढाईत हरल्यामुळे नाही, तर संरक्षणाची किंमत म्हणून.

पार्श्वभूमी: सुरत ते हडपसर

बाहेरची फौज बोलावण्याची कल्पना बाजीरावाची नव्हती. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि पुण्यात बारभाईंनी रघुनाथरावाला दूर सारले, तेव्हा त्याने मार्च १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला. अडीच हजार फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई द्यायची आणि दरमहा दीड लाख रुपये खर्च सोसायचा, असा तो सौदा होता. तो फसला. कलकत्त्याने तो नामंजूर केला. पुढे मुंबईची फौज बोरघाट चढून आली, तेव्हा नाना फडणीस, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर एका बाजूला होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरणागतीचा करार करावा लागला. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली खरी, पण मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत द्यावी लागली. रघुनाथरावाच्या हाती गादीऐवजी पेन्शन आली. सालबाईने जुळवलेली शांतता मात्र दोन्ही सत्तांमध्ये वीस वर्षे टिकली, कारण ती लढणाऱ्या पक्षांनी महादजींच्या मध्यस्थीने स्वतः ठरवली होती.

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेला आणि गादीचा प्रश्न पुन्हा उघडा पडला. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाला तो दौलतराव शिंद्याच्या फौजेच्या जोरावर. ही फौजही पुण्याच्या दृष्टीने बाहेरचीच ठरली. तिचा पगार भागवायला पैसा नव्हता, म्हणून १७९८ मध्ये शिंद्याचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्यातल्या सावकारांना आणि कारभाऱ्यांना धरून, मारझोड करून पैसा काढला. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणीस वारले. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्याचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन दक्षिणेत उतरला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला त्याने शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा मोड केला. बाजीराव सिंहगड, महाड करत किनाऱ्याला लागला आणि इंग्रजी जहाजातून वसईला पोचला. पुण्यात यशवंतरावाने बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव याला पुढे करून त्याच्या मुलाला, विनायकरावाला, गादीवर बसवण्याचा घाट घातला. एका गादीला दोन दावेदार, त्यांच्यामागे दोन फौजा आणि दरबारात मध्यस्थ उरला नव्हता: तहाच्या वेळची परिस्थिती ही अशी होती.

तहाने काय दिले, काय नाकारले

तहाची कलमे बारकाईने वाचली की फौजेच्या मर्यादा तह करणाऱ्यांनाच ठाऊक होत्या, हे दिसते. सहा हजारांहून कमी नाही इतके पायदळ आणि तोफखाना पेशव्याच्या मुलखात कायम राहणार, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख कंपनीला मिळणार, सुरतेवरचे दावे सुटणार, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनी लवाद होणार आणि कंपनीला विचारल्याशिवाय पेशवा कुणाशी बोलणी वा लढाई करणार नाही, ही कलमे सगळ्यांना माहीत आहेत. त्यापेक्षा बोलके कलम फौज कशासाठी वापरायची याचे आहे. पेशव्याच्या जिवाचे रक्षण आणि बंडखोरांना जरब, ही मोठी कामे तिची. किरकोळ प्रसंगी ती मिळायची नाही, शिबंदीसारखी वसुलीला मिळायची नाही, मुलूखगिरीला मिळायची नाही आणि मराठी दौलतीतल्या मुख्य घराण्यांविरुद्धही मिळायची नाही. बाजीरावाचे भांडण तर नेमके मुख्य घराण्यांशीच होते. ज्या भांडणासाठी त्याला फौज हवी होती, तेच भांडण तहाने कागदावर बाहेर ठेवले होते.

कागद फार दिवस टिकला नाही. आर्थर वेलस्ली कंपनीची फौज घेऊन २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यात आला, होळकर आधीच उत्तरेकडे सरकला होता आणि १३ मे रोजी बाजीराव गादीवर बसला. तोवर गोळी झाडावी लागली नव्हती. पण शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना तह मान्य नव्हता, कारण त्यांना न विचारता दौलतीचा मुखत्यार दुसऱ्याच्या आश्रयाला गेला होता. ऑगस्टात अहमदनगर पडले, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि डिसेंबरात गाविलगड. वर्ष संपायच्या आत देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव हे दोन तह झाले. होळकराशी युद्ध डिसेंबर १८०५ पर्यंत चालले. स्थैर्यासाठी केलेल्या तहाची पहिली तीन वर्षे अशी युद्धात गेली, आणि त्यातच १८०३-०४ चा दख्खनचा भीषण दुष्काळ पडला.

पहिली भूमिका: फौजेने अराजक आवरले

गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली आणि त्याच्या बाजूच्या लेखकांची भूमिका थोडक्यात अशी: पुण्यात कायदेशीर पेशवा उरला नव्हता, पेंढारी आणि बिनपगारी फौजा मुलूख खात होत्या, फ्रेंच अधिकाऱ्यांनी कवायत दिलेल्या शिंद्याच्या पलटणी धोक्याच्या होत्या. अशा वेळी खात्रीचा पगार मिळणारी, शिस्तीची फौज गादीशी बांधून टाकणे हाच मार्ग होता. या भूमिकेला पुरावा नाही असे म्हणता येत नाही. १८०३ ते १८१७ या काळात पुणे शहरावर पुन्हा घाटगेशाही आली नाही. विश्रामबागवाडा याच वर्षांत उभा राहिला. १८१२ मध्ये पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने पंढरपूरला पेशवा आणि पटवर्धन आदी दक्षिणी जहागीरदार यांच्यात समझोता घडवला: सरदारांनी चाकरी करायची, पेशव्याने सरंजामाला हात लावायचा नाही आणि हमी कंपनीची. ग्रँट डफचा १८२६ चा मराठ्यांचा इतिहास कंपनीच्या नोकराने लिहिलेला आहे. तरी बाजीरावाच्या कारभाराविषयी त्याने दिलेले तपशील पुढच्या मराठी इतिहासकारांनीही मोठ्या प्रमाणात स्वीकारले.

दुसरी भूमिका: फौजेने सुधारणेची वाटच बंद केली

या व्यवस्थेवरची सर्वांत धारदार टीका इंग्रजांकडूनच आली. लंडनमध्ये कंपनीवर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष कॅसलरे याने १८०४ मध्येच शंका काढली होती की संकटात सापडलेल्या पेशव्याची संमती ही मराठी दौलतीची संमती नव्हे, आणि हा तह कंपनीला मराठ्यांच्या अंतहीन भांडणांत ओढेल. कंपनीचा अधिकारी टॉमस मन्रो याने १२ ऑगस्ट १८१७ रोजी लॉर्ड हेस्टिंग्जला लिहिलेल्या पत्रात मुद्दा आणखी खोलवर नेला. त्याचे म्हणणे असे की, हिंदुस्थानात वाईट राजवटीवर एरवी दोनच उपाय असत: दरबारात शांतपणे झालेला बदल, किंवा बंडाने वा परचक्राने झालेला हिंसक बदल. तैनाती फौज राजाला घरच्या आणि बाहेरच्या दोन्ही शत्रूंपासून वाचवते, म्हणून तो आळशी होतो, प्रजेच्या रोषाची त्याला भीती उरत नाही आणि रयत नागवली जाते. एल्फिन्स्टनने पुढे जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याची चाल कशी वाढली आणि वसुलीचा बोजा शेवटी रयतेवर कसा आला, याचे वर्णन आहे. मन्रोच्या अनुमानाला हा महत्त्वाचा आधार आहे. मोठी तैनाती छावणी शिरूरला घोडनदीवर होती. परगण्यातला कुणबी मक्तेदाराच्या हातात होता आणि त्या दोघांमधल्या व्यवहाराशी छावणीचा काही संबंध नव्हता.

तिसरी भूमिका: रोग घरचाच होता

मराठी इतिहासलेखनाचा मुख्य प्रवाह तहापेक्षा भाऊबंदकीकडे बोट दाखवतो. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून छापलेला ऐतिहासिक लेखसंग्रह, न. चिं. केळकरांचे १९१८ चे ‘मराठे व इंग्रज’ आणि गो. स. सरदेसायांची रियासत यांत तपशिलाचे मतभेद पुष्कळ आहेत. तरी दौलतीचा जोड आतून सुटला होता आणि इंग्रजांनी त्या फटीत पाचर मारली, ही मांडणी त्यांतून पुन्हा पुन्हा येते. प्रतुलचंद्र गुप्तांनी १९३९ मध्ये बाजीराव आणि कंपनी यांच्या संबंधांवर लिहिलेल्या ग्रंथाने निंदेचा सूर कमी करून कागदांवर भर दिला. अलीकडच्या पिढीत स्ट्युअर्ट गॉर्डन (१९९३) आणि रँडॉल्फ कूपर (२००३) यांनी चर्चा आणखी पुढे नेली. कूपरच्या मते मराठी फौजा लढण्यात कमी नव्हत्या. कंपनीची सरशी झाली ती पैसा, पत आणि शिंद्याच्या नोकरीतल्या युरोपीय अधिकाऱ्यांना फोडण्याची ताकद यांमुळे. हे खरे असेल तर ‘फौजेची मर्यादा’ हा शब्दप्रयोगही जपून वापरायला हवा, कारण फौजेच्या मागे तिजोरी होती आणि खरी ताकद तिजोरीची होती.

या भूमिकांतून निघणारे सूत्र

तिन्ही भूमिका एकमेकींना छेद देतात असे वाटते, पण पुरावा एकत्र ठेवला तर त्यांतून एकच विधान उभे राहते. बाहेरची फौज दोन पक्षांत झालेला समझोता राखू शकते. तो समझोता ती जन्माला घालू शकत नाही. आणि समझोता नसताना ती एका पक्षामागे उभी राहिली, तर त्या पक्षाला समझोत्याची गरजच उरत नाही. १७८२ मध्ये समझोता होता, शांतता टिकली. १८०२ मध्ये बाजीरावाला यशवंतरावाशी, अमृतरावाशी, शिंद्याशी बोलावे लागले असते. तहामुळे ते टळले, आणि जे बोलणे टळले त्याची जागा युद्धाने घेतली. १८१२ च्या पंढरपुरात मात्र दोन्ही बाजूंनी अटी मान्य केल्या होत्या, म्हणून तिथे हमी कामी आली. त्याच जहागीरदारांपैकी सांगली, मिरज, जमखंडी ही संस्थाने १९४८ पर्यंत राहिली, म्हणजे पेशवाईपेक्षा कितीतरी जास्त.

बडोद्याचे उदाहरण या सूत्राची परीक्षा घेते. १८०२ मध्येच गायकवाडांनी कंपनीची फौज घेतली, कडीच्या मल्हारराव गायकवाडाचे बंड तिने मोडले, बिनपगारी अरब शिबंदी हटवली, आणि हे राज्य स्वातंत्र्यापर्यंत टिकले. मग फौज यशस्वी झाली म्हणायचे का? तिथे फौजेसोबत आणखी एक गोष्ट घडली होती. सावकारांच्या कर्जांना आणि सरदारांच्या हक्कांना अरब जमादार जी ‘बहांदरी’, म्हणजे जामिनकी, देत असत, ती कंपनीने स्वतःकडे घेतली. ज्यांचे पैसे आणि हक्क अडकले होते, त्यांना शांततेत स्वार्थ दिसला. वसईच्या तहात अशा जामिनकीला जागा नव्हती. बडोद्याने सूत्र खोटे ठरत नाही, फक्त ‘समझोता’ या शब्दात सावकाराचा हिशेबही धरावा लागतो, हे कळते.

जगातली उदाहरणे

१८३९ मध्ये इंग्रजांनी शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसवले, त्या मोहिमेत मुंबईची फौजही होती. निवृत्त होऊन इंग्लंडात बसलेल्या एल्फिन्स्टनने तेव्हा कंपनीचा दूत बर्न्स याला कळवले होते की काबूल घेता येईल, शुजाला बसवताही येईल, पण त्याला तिथे टिकवण्याची आशा दिसत नाही. पुण्याच्या रेसिडेन्सीत सात वर्षे काढलेल्या माणसाचे हे मत होते. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून निघालेली फौज वाटेत नष्ट झाली, एप्रिलमध्ये शुजा मारला गेला. २००१ ते २०२१ या वीस वर्षांत कितीतरी मोठी ताकद आणि पैसा लावूनही काबूलचे सरकार १५ ऑगस्ट २०२१ रोजी, परकी फौज पूर्ण निघण्याआधीच, कोसळले.

भारताचा स्वतःचा अनुभवही याच रांगेत बसतो. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारावर राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्या सह्या होत्या, लढणाऱ्या तमिळ वाघांची नव्हती. करारानुसार श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेला ऑक्टोबरपासून त्यांच्याशीच लढावे लागले. १९८९ मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी सेना परत जाण्याची मागणी केली, आणि मार्च १९९० मध्ये ती निघाली तेव्हा सुमारे १,२०० भारतीय सैनिक कामी आले होते. तिच्या आधारावर उभे राहिलेले ईशान्य प्रांताचे सरकारही तिच्याबरोबरच संपले. याउलट बोस्नियात डिसेंबर १९९५ चा करार युद्ध करणाऱ्या पक्षांनी आधी केला आणि मग साठ हजारांची नाटो फौज उतरली. युद्ध पुन्हा पेटले नाही. पण तिथले राज्य आजही दोन तुकड्यांत आणि आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीच्या देखरेखीखाली चालते, म्हणजे फौजेने युद्ध थांबवले, दुभंग बुजवला नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप असा की हा सगळा बाजीरावाच्या स्वभावाचा परिणाम होता, व्यवस्थेचा नाही. त्याच्या संशयी, बेभरवशी वागण्याचे पुरावे भरपूर आहेत. पण १८१६ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्याने तैनाती तह केला, तोही आपले आसन पक्के करण्यासाठी, आणि दीड वर्षात सीताबर्डीला तोच कंपनीशी लढला. हैदराबादेत राज्य टिकले, पण कर्ज आणि मक्तेदारीने पोखरले गेले. माणसे वेगळी, दरबार वेगळे, आणि तरी राजा प्रजेपासून तुटण्याची किंवा आश्रयदात्यावर उलटण्याची घटना पुन्हा पुन्हा घडते, तेव्हा एकट्या स्वभावावर भार टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंपनीला स्थैर्य नकोच होते, मुलूख हवा होता, तेव्हा तिचे अपयश ‘फौजेची मर्यादा’ म्हणून कसे मोजायचे? हेतूचा मुद्दा मान्य आहे. पण शांतिसेनेला श्रीलंकेत एक इंचही जमीन नको होती आणि तरी तिची गाठ त्याच अडचणीशी पडली. हेतू शुद्ध असो वा नसो, ज्याच्यामागे फौज उभी आहे त्याच्या वागण्यावर तिचा होणारा परिणाम तोच राहतो.

तिसरा आक्षेप ‘परकी’ या विशेषणाला आहे. कंपनीचे बहुसंख्य शिपाई हिंदी होते आणि पेशव्यांच्या, शिंद्यांच्या फौजांत अरब, पठाण, गारदी आणि युरोपीय अधिकारी होते. मग परके कोण? इथे शिपायाच्या जन्मस्थानापेक्षा पगार कुणाच्या तिजोरीतून येतो आणि फौज हटवण्याचा हुकूम कोण देतो, हे पाहणे जास्त उपयोगाचे आहे. त्या कसोटीवर शिंद्याची फौजही १७९८ च्या पुण्याला परकी होती, आणि तैनाती फौज तर पेशव्याच्या मुलखाच्या उत्पन्नावर पोसली जाऊनही त्याच्या हुकमाबाहेर होती.

काय अजून सुटलेले नाही

चार प्रश्न उघडे आहेत. अमृतराव आणि यशवंतराव यांची पुण्यातली व्यवस्था तह झाला नसता तर टिकली असती का? होळकराच्या फौजेचाही पगार थकलेला होता आणि त्याने पुण्यात जबर वसुली केली, म्हणून होकारार्थी उत्तर सोपे नाही. त्याने शिंद्याशी तडजोड केली असती, असे मानणाऱ्यांकडेही अनुमानापलीकडे फारसे काही नाही. दुसरा प्रश्न साधनांचा आहे. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार यदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांच्या संपादनाखाली खंडोखंडी छापला गेला. त्यात कंपनीची बाजू सलग आहे, बाजीरावाच्या दरबाराची मात्र बहुधा रेसिडेंटच्या हेरांच्या नजरेतून दिसते. तिसरा, १८१८ नंतर दख्खनमध्ये जी शांतता आली ती या वादात कुणाच्या खात्यावर मांडायची? ती फौजेची कामगिरी आहे खरी, पण दुभंगलेले राज्य सावरून नव्हे, ते संपवून आली. चौथा प्रश्न मोजमापाचा आहे. पुणे शहर चौदा वर्षे सुरक्षित राहिले हे यश मानायचे, की त्याच चौदा वर्षांत परगण्यांत मक्तेदारी वाढली हे अपयश? शहराचे कागद पुष्कळ आहेत, गावांचे विखुरलेले, आणि रयतेच्या बाजूने हिशेब मांडणारा सलग अभ्यास या वादात अजून मध्यभागी आलेला नाही.

आजची स्थिती

एवढ्या लेखनानंतर वादाचा तोल कुठे आहे? तह म्हणजे एका भेकड पेशव्याचा गुन्हा, ही जुनी मांडणी आता एकटी उभी राहत नाही. शिस्तीच्या फौजेने अराजक संपवले, ही कंपनीची मांडणीही उभी राहत नाही. अभ्यासकांचे लक्ष फौजेच्या आकाराकडून तिच्या मागच्या पैशाकडे आणि तिच्या पुढच्या करारांकडे वळले आहे. हे वळण योग्य आहे. परकी फौज कुठे पाठवावी वा बोलवावी, असा प्रश्न पुढे येतो तेव्हा पलटणी किती याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: लढणाऱ्यांपैकी कुणी कराराबाहेर राहिले आहे का, आणि फौज आल्यावर ज्याला आश्रय मिळणार तो आपल्या विरोधकांशी बोलायला आणखी तयार होणार की कमी. वसईत पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘शिंदे, होळकर आणि भोसले तिघेही’ असे होते, दुसऱ्याचे ‘कमी’. सह्या होण्याआधी ही दोन्ही उत्तरे उपलब्ध होती.